एक्सेलने खाल्लेले दोन अंक

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू कुरकुरत होतीस की एक्सेलमध्ये १२३४५६७८९८७६५४३२१ टाकलं तर दिसतं १२३४५६७८९८७६५४३००. अगं, तुझं काही चुकलेलं नाही. एक्सेल आकड्याचे पहिले पंधराच अंक धरून ठेवतं, पुढे शून्यं भरतं. तुझी संख्या सतरा अंकी. तेव्हा कागद घे.

नऊ वेळा एक लिही: १११११११११. त्याला त्यानेच गुण. प्रत्येक ओळ तीच येणार, फक्त दर वेळी एक घर डावीकडे सरकलेली. नऊ ओळी झाल्या की उभ्या बेरजा कर. उजवीकडून पहिल्या घरात एक, मग दोन, तीन, असं चढत मधल्या घरात नऊ, आणि तिथून परत उतरण. झाली तुझीच संख्या! सबंध बेरजेत हातचा एकदाही येत नाही. आम्ही शाळेत असे गुणाकार पाटीवर करायचो, हातचा न येणारं गणित म्हणजे लॉटरीच!

आता सगळे अंक मिळव: ८१. या ८१ ने तुझ्या संख्येला गुणलंस तर ९९९९९९९९९ चा वर्ग मिळतो. कारण साधंच आहे, ८१ म्हणजे नवाचा वर्ग. तुझी संख्या आतून फोडलीस तर तीनच मूळ संख्या निघतात: ३, ३७ आणि ३३३६६७. ३ येतो चार वेळा, बाकीच्या दोन्ही दोनदा. एवढ्यावर विभाजक होतात ४५.

मला मजा वाटते ती तुझ्या पत्त्याची. अशा संख्यांना ‘डेमलो संख्या’ म्हणतात. नाव ठेवलं गणितज्ञ द. रा. कापरेकरांनी. जन्म डहाणूचा, १९०५ चा, नोकरी देवळालीच्या शाळेत मास्तरकीची. ६१७४ हा कापरेकर स्थिरांक शोधणारे तेच. जी.आय.पी. म्हणजे आताच्या मध्य रेल्वेच्या त्या जुन्या काळात डेमलो नावाच्या स्टेशनवर त्यांना ही कल्पना सुचली, आणि ते डेमलो म्हणजे तुझी डोंबिवली! सकाळच्या गर्दीत तू मात्र फलाटावर असलं काही सुचवून घेऊ नकोस, गाडी चुकेल.

आणखी एक. एकं, दहं, शतं करत जुन्या पद्धतीने वर चढलीस तर सतराव्या घराचं नाव भास्कराचार्यांच्या लीलावतीत ‘मध्य’ असं आहे. म्हणजे आपली संख्या एक मध्यापासून सुरू होते आणि तिच्या खऱ्या मध्यावर बसलाय नऊ. हा निव्वळ योगायोग, पण मला फार आवडला.

आता दहा एकांचा वर्ग कर. तिथे मधल्या घरात दहा येतात, हातचा निघतो आणि डोंगराचा माथा ढासळतो. मला १२३४५६७९००९८७६५४३२१ आलंय. चढणीवरचा आठ कुठे गेला ते शोध आणि रविवारी फोन कर. डबा वेळेवर खात जा.

तुझी,
आई