‘फेल्युअर’ कधी आणि कशासाठी?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जिममध्ये हल्ली प्रत्येक सेट (सलग आवर्तनांची एक फेरी) ‘फेल्युअर’पर्यंत, म्हणजे वजन आणखी एकदाही उचलता येणार नाही इथपर्यंत नेण्याचा आग्रह दिसतो, उलट सकाळी माझ्याबरोबर फिरायला येणारी मंडळी प्राचीन आयुर्वेदाचार्य वाग्भटाचे ‘अर्धशक्त्या’ (अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा) हे वचन पुढे करून तिथे जाणेच चुकीचे ठरवतात. शाळेत अनेक वर्षे शारीरिक शिक्षण शिकवल्यामुळे आणि साठीनंतरही वजने उचलत असल्यामुळे मला दोघांचे म्हणणे रोज ऐकावे लागते, आणि दोघेही अर्धेच सांगतात असे माझे मत आहे.

स्नायूंतले सगळे तंतू शरीर एकदम कामाला लावत नाही. आधी लहान व चिवट तंतू राबतात, आणि गरज वाढेल तसे मोठे, बलवान पण लवकर दमणारे तंतू मदतीला येतात. जड वजनाला ही गरज सुरुवातीपासूनच असते, हलक्या वजनाला मात्र लहान तंतू थकू लागल्यावरच ती निर्माण होते. म्हणून थकवा गाठण्याचे खरे मोल हलक्या वजनात आहे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या २०१२ च्या प्रयोगात तरुणांनी दहा आठवडे मांडीचा व्यायाम केला. एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाच्या ३० टक्के वजन दमून थांबेपर्यंत उचलणाऱ्यांचे स्नायू, ८० टक्के वजन उचलणाऱ्यांइतकेच वाढले; कमाल ताकद मात्र जड वजनवाल्यांची अधिक वाढली. माझ्यासारख्या कुरकुरत्या गुडघ्यांच्या माणसाला यात मोठाच दिलासा आहे.

पण ताकद आणि चपळाई हवी असणाऱ्या पैलवानाला किंवा कबड्डीपटूला प्रत्येक सेटमध्ये स्वतःला पिळून काढायचे कारण नाही. स्पेनमधील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या स्क्वॉटच्या (खांद्यावर वजन घेऊन काढायच्या बैठकांच्या) प्रयोगात, वजन उचलण्याचा वेग २० टक्के घटताच थांबणाऱ्यांची ताकद, तो ४० टक्के घटेपर्यंत, म्हणजे बरेचदा पूर्ण दमेपर्यंत रेटणाऱ्यांइतकीच वाढली आणि त्यांची उडी अधिक सुधारली. स्नायूंचा आकार रेटणाऱ्यांचा जास्त वाढला, हेही सांगितले पाहिजे.

माझ्या अनुभवात फेल्युअरचा आणखी एक उपयोग आहे, तो मोजमापाचा. ‘आता दोनच उरले’ म्हणणारा विद्यार्थी थोड्या आग्रहाने आणखी सहा जोर काढताना मी कितीदा तरी पाहिला आहे. आपली मर्यादा नेमकी कुठे आहे हे अधूनमधून तपासले, तर एरवी तिच्या दोन-तीन आवर्तने अलीकडे थांबणे जमते. मात्र ही तपासणी जोर, डंबेल किंवा मशीनवर करावी. चाळिशीत मी एकट्याने बेंच प्रेस (बाकावर उताणे पडून छातीवरून बार वर ढकलणे) करताना बार छातीवर अडकला आणि तो पोटावरून मांडीपर्यंत गडगडवत सुटका करून घ्यावी लागली. ती शहाणपणाची जागा नव्हती. (ट्रेनर ‘अजून दोन’ ओरडत स्वतःच बार उचलतो, तेव्हा ती दोन आवर्तने कोणाच्या खात्यात धरायची, हेही एकदा ठरायला हवे.)

वाग्भटाचा दाखला देणाऱ्यांनीही तो पुरता द्यावा. अर्ध्या शक्तीची मुभा त्याने बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्यांना थंडीत व वसंतात दिली आहे, इतर वेळी त्याहूनही कमी व्यायाम सांगितला आहे. आणि अति करणारा हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहासारखा नाश पावतो, असेही बजावले आहे. सिंहाचा हा इशारा मला सर्वांत जास्त नवख्यांसाठी महत्त्वाचा वाटतो. सवय नसलेल्या शरीराकडून पहिल्याच दिवशी शेकडो बैठका काढून घेतल्या, तर स्नायूंचे तंतू फुटून त्यांतले मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरते, लघवी काळ्या चहासारखी होते आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. असा रंग दिसला तर ‘अंग दुखणारच’ म्हणून घरी न बसता तातडीने रुग्णालय गाठावे.

म्हणून जिमचालकांना एवढीच विनंती आहे, की नव्या सभासदाला पहिला महिना फेल्युअरपासून दूर ठेवावे, आणि रक्तदाब किंवा हृदयाचा विकार असलेल्याला डॉक्टरांनी संमती दिल्याशिवाय श्वास कोंडून शेवटचे वजन रेटू देऊ नये.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सातारा