मशरूमची पावडर म्हणजे औषध नव्हे

संपादक महोदय,

‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असे सांगत मशरूमच्या कॅप्सूल आणि पावडरी सर्रास विकल्या जात आहेत. त्यामागे विज्ञान आहे, पण ते अर्धेच सांगितले जाते. मशरूमच्या पेशीभित्तिकेत बीटा-ग्लुकन ही शर्करेची लांब साखळी असते. रोगकारक बुरशीतही ती असल्याने आपल्या शरीरातील जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींवरील डेक्टिन-१ हा ग्राही (ओळख पटवणारे प्रथिन) तिला ओळखतो आणि प्रतिकारयंत्रणा सावध होते. जपानमध्ये शिटाके मशरूममधून वेगळे केलेले लेंटिनान हे बीटा-ग्लुकन १९८५ पासून जठराच्या कर्करोगात केमोथेरपीच्या जोडीला दिले जाऊ लागले. तेही शुद्ध करून, मोजून, इंजेक्शनने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली! चमचाभर पावडरीला तोच गुण चिकटवणे ही रुग्णांची फसवणूक आहे.

सर्वाधिक काळजी वाटते ती मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्यांची. शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून त्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवलेली असते. तिला चेतवू पाहणारी कॅप्सूल त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. भाजीतली शिजवलेली धिंगरी अळंबी खुशाल खावी, तो वेगळा विषय. पण या कॅप्सूलच्या वेष्टनावर असा इशारा ठळक अक्षरांत, मराठीतही छापणे सरकारने सक्तीचे करावे.

– एक वाचक, ठाणे