शांत पाण्याविषयी आई-बाबांना पत्र

विंटर हेवन, फ्लोरिडा
रविवार

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

परवा फोन ठेवता ठेवता आईने बजावले, "पाणी शांत असेल तेव्हाच उतर, लाटांत जाऊ नकोस." मी हो म्हटले, कारण दाभोळला तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते आणि वाद घालण्याची ती वेळ नव्हती. परंतु पाण्यावरचे विमान शिकू लागल्यापासून मला खरी धास्ती वाटते ती शांत पाण्याचीच, आणि तिचे कारण फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आधी विमानाविषयी. पायपर कब नावाचे हे दोन आसनांचे, सांगाड्यावर कापड मढवलेले जुने विमान आहे. चाकांच्या जागी दोन लांबट पोकळ फ्लोट आहेत; आपल्या होडीला बाजूने तोल देणाऱ्या उलांडीला जुळे भावंड मिळावे तसे. ते दोन्ही मिळून विमानाच्या कमाल वजनापेक्षा ८० टक्के अधिक भार तोलू शकतील एवढे मोठे असावे लागतात आणि आतून त्यांचे वेगवेगळे बंद कप्पे केलेले असतात, म्हणजे एक फुटला तरी सगळा फ्लोट भरत नाही. रोज सकाळी प्रत्येक कप्प्यातले पाणी हातपंपाने काढायचे आणि पंप किती वेळा मारावा लागला ते मोजायचे. एखाद्या कप्प्यातून कालच्यापेक्षा जास्त पाणी निघाले, तर गळती कुठे आहे ते शोधल्याशिवाय उड्डाण नाही. बाबा, पहिल्या खेपेआधी तुम्ही तरीच्या होडीच्या तळातले पाणी डब्याने उपसायचात, त्याहून हे निराळे नाही. इंजिनाला स्टार्टर नसल्यामुळे फ्लोटवर पंख्याच्या मागच्या बाजूला उभे राहून पंखा हाताने फिरवावा लागतो, आणि ब्रेक नसल्यामुळे इंजिन लागताक्षणी विमान चालू लागते. आई, पट्ट्यासारखे जीवरक्षक जाकीट कमरेला कायम असते, आणि ते विमानातून बाहेर पडल्यावरच फुगवायचे, हे आम्ही घोकलेले आहे.

आता शांत पाण्याचे. मंगळवारी सकाळी वारा पूर्ण पडला होता आणि तळ्यात काठचे सुरूसारखे उंच वृक्ष व वरचे ढग इतके स्वच्छ उलटे दिसत होते की पाणी कुठे सुरू होते तेच कळेना. मला वाटले, आता टेकणार. प्रत्यक्षात आम्ही अजून बरेच वर होतो. अशा वेळी जमिनीवर उतरताना करतो तसे अंदाजाने नाक वर ओढले, तर विमानाचा वेग संपतो आणि ते वरून आदळते. उलट पाणी दूर आहे असे वाटत राहिले, तर नाक खाली ठेवूनच विमान पाण्यात घुसते. आपल्या विहिरीत डोकावल्यावर पाणी किती खाली आहे ते दिसत नाही, आपलाच चेहरा दिसतो, आणि कळशी टेकल्याचा आवाज आला की मगच कळते. तसेच येथेही आवाजाची वाट पाहावी लागते. काठाच्या जवळून जायचे, म्हणजे झाडांवरून उंचीचा थोडा अंदाज राहतो. नाक किंचित वर ठरवून ठेवायचे. इंजिन चालू ठेवून, मिनिटाला फार तर १५० फूट एवढ्याच वेगाने खाली यायचे. आणि मग डोळ्यांवर विश्वास न ठेवता, काहीही न बदलता बसून राहायचे. ते बसून राहणे फार अवघड आहे. बरेच लांब गेल्यावर फ्लोटखाली सर्र आवाज झाला, तेव्हा कुठे मी श्वास सोडला. पाण्यावर बारीक लाट असली, तर हे काहीच करावे लागत नाही, पाणी डोळ्यांना दिसते. मोठ्या लाटांत हे हलके विमान उतरवायचेच नसते, तेवढे आई, तुझे म्हणणे मात्र खरे आहे.

बाबा, असे विमान आपल्या खाडीत उतरेल का, असे तुम्ही विचारले होते. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी साबरमतीहून केवडियाला अशी सेवा सुरू झाली होती. ती पुढे बंद पडली, हे तुम्हाला माहीत आहेच. आपल्याकडे पाण्याची लांबी भरपूर आहे, पण वरून न दिसणारी जाळी आणि दोऱ्या ही मोठी अडचण वाटते, शिवाय खाऱ्या पाण्यात उतरल्यावर विमान गोड्या पाण्याने धुवावे लागते, नाहीतर गंज धरतो. आणखी एक गंमत म्हणजे १९७२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी नियमांत जहाजाच्या व्याख्येत पाण्यावरचे विमानही येते, आणि पाण्यावर असताना त्याने साधारणपणे सर्व नौकांपासून दूर राहायचे असते. म्हणजे तुमच्या तरीला वाट मीच द्यायची.

गुरुवारी धक्क्याला लागताना एक चूक झाली. वारा पाठीमागून होता आणि मी इंजिन उशिरा बंद केले. मागे ओढून घेण्याची सोय या विमानाला नाही, त्यामुळे फ्लोटचे रबरी नाक धक्क्यावर आपटले आणि एक फळी तडकली. विमानाला काही झाले नाही, पण लाज वाटली. परीक्षा येत्या शुक्रवारी आहे. वारा पाठीशी असताना तरीची होडी धोपाव्याच्या धक्क्याला लावायची असली, तर तुम्ही इंजिन साधारण किती आधी बंद करायचात, आणि ते अंतर कशावरून ठरवायचात, तेवढे बुधवारच्या आत फोन करून सांगावे.

तुमची,
लेक