शनिवारी बरण्या तपासणी : स्वयंसेवक सदस्यांसाठी सूचना

सदस्यहो, येत्या शनिवारी सकाळी १० ते दुपारी १ या वेळेत संग्रहालयाच्या तळमजल्यावरच्या द्रव-नमुना कक्षात, अल्कोहोलसारख्या द्रवात जतन केलेल्या प्राण्यांच्या बरण्यांची वार्षिक तपासणी आहे. साप, बेडूक आणि मासे यांची कपाटे आधी घेऊ. वेळ उरला तरच खेकडे.

• बरणीतली पातळी खाली गेली असेल तर स्वतःहून अल्कोहोल ओतू नका. पाण्यापेक्षा अल्कोहोल लवकर उडते, म्हणजे उरलेले द्रावण जतनासाठी ठेवलेल्या ७० टक्के तीव्रतेचे राहिलेले नसते. आधी तीव्रता मोजायची, मग भर घालायची. काही जुन्या बरण्यांत फॉर्मेलिन (नमुने टिकवणारे दुसरे, विषारी द्रावण) आहे. दोन्ही एकमेकांत मिसळायचे नाहीत. वास घेऊन ओळखण्याचा प्रयोग तर मुळीच नको.

• चिठ्ठी पुसट असली तरी काढू नका. नवी चिठ्ठी पेन्सिलीने लिहून जुनीसोबत आत सोडा. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. कुठे, कधी सापडला याची नोंद गेली की उरतो तो नुसता बरणीतला बेडूक!

• लाल चिठ्ठीच्या बरण्या टाइप नमुन्यांच्या, म्हणजे ज्यांच्यावरून एखाद्या प्रजातीचे नाव ठरले त्या मूळ नमुन्यांच्या आहेत. त्यांना फक्त संग्रहपाल हात लावतील.

• भुसा भरलेल्या जुन्या पक्ष्यांना हातमोजे घालूनच हाताळा, कातडीवर आर्सेनिक असू शकते. पिसांखाली बारीक भुकटी किंवा केसाळ अळीची कात दिसली तर ती कीड लागल्याची खूण, लगेच सांगा. तो नमुना पिशवीत बंद करून थेट फ्रीझरमध्ये जाईल.

कक्षात ज्वाला, खाणे, चहा काहीही चालणार नाही. येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत गटावर नाव कळवावे.