मेलेल्या पेशींची डिश टाकू न देणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी पेशी वाढवण्याच्या द्रवात, म्हणजे माध्यमात, सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) घालायचे मी विसरले आणि माझ्या कल्चरमधल्या, म्हणजे डिशमध्ये वाढवलेल्या, पेशी मरू लागल्या, तो दिवस तुमच्या लक्षात नसेल. मी डिश टाकायला निघाले होते, तुम्ही ती हातातून काढून घेतली, पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि म्हणालात, "मरताहेत हे दिसतंच आहे. कशा मरताहेत ते सांग." त्या एका प्रश्नाबद्दलचे आभार आज जाहीरपणे मानते आहे.

तोवर पेशीचे मरण म्हणजे फुगणे आणि फुटणे, एवढेच मला ठाऊक होते. जखमेत किंवा रक्तपुरवठा तुटल्यावर पेशी तशाच मरतात, आतला ऐवज बाहेर सांडतो आणि आजूबाजूला दाह सुरू होतो. पण तुम्ही ज्या पेशीवर पॉइंटर आणलात ती फुगत नव्हती, आक्रसत होती. तळ सोडून ती गोल झाली, तिच्या पृष्ठभागावर उकळी फुटल्यासारखे फुगवटे येऊ लागले आणि शेवटी तिचे आवरणबंद तुकडे पडले. शरीरात हे तुकडे भक्षकपेशी बिनबोभाट गिळतात, डिशमध्ये गिळणारे कोणी नसल्यामुळे ते नुसते तरंगत राहतात, हे सांगताना तुम्ही चक्क हळहळला होतात.

सीरमचा त्याच्याशी काय संबंध, हे तुम्ही फळ्यावर काढून दाखवलेत. बहुतेक पेशींना जगत राहण्यासाठी बाहेरून सतत निरोप लागतो आणि सीरममधले वृद्धिघटक तो निरोप देतात. तो थांबला की पेशीने जगायचे की मरायचे हे ठरवणाऱ्या बीसीएल-२ कुळातल्या प्रथिनांचा तोल बिघडतो, मायटोकाँड्रियातून (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांतून) सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर पडते आणि एरवी निष्क्रिय असलेली कॅस्पेज विकरे (एन्झाइम्स) जागी होऊन पेशीची प्रथिने ठरलेल्या जागी कापू लागतात. म्हणजे माझ्या विसरभोळेपणाने पेशींना मारले नव्हते, मरण्याची त्यांची स्वतःचीच यंत्रणा सुरू करून दिली होती. (माझे गुण मात्र तुम्ही तरीही कापलेत, ते योग्यच होते.)

केर, वायली आणि करी यांनी 1972 मध्ये या मरणाला पानगळीच्या ग्रीक शब्दावरून 'अपॉप्टोसिस' हे नाव दिले. भ्रूणाच्या हातातली बोटे मधल्या पेशी मरतात म्हणून सुटी होतात, हे पाठ्यपुस्तकातले उदाहरण. तुमचे आवडते उदाहरण मात्र सी. एलेगन्स या इवल्या कृमीचे होते: उभयलिंगी कृमीच्या वाढीत 1090 कायिक पेशी तयार होतात आणि त्यांतल्या नेमक्या 131 मरतात, प्रत्येक कृमीत त्याच आणि ठरलेल्या वेळी. त्या कृमीवरील संशोधनासाठी ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना 2002 चे नोबेल मिळाले, तरी तुमचे म्हणणे असे की, खरे मोल मिळालेल्या उत्तराइतकेच तासन्‌तास एकेका पेशीचा माग काढण्याच्या चिकाटीचे आहे. मला ते पटायला बरीच वर्षे लागली.

पुढे लिम्फोमावर, म्हणजे लसिकापेशींच्या कर्करोगावर, काम करताना उलटी बाजू समोर आली. फॉलिक्युलर लिम्फोमात गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन बीसीएल-२ वाजवीपेक्षा जास्त बनते आणि ज्या पेशींनी मरायला हवे त्या मरत नाहीत. हे प्रथिन पेशी वाढवत नाही, फक्त मरू देत नाही. आणि कर्करोगाच्या वाटचालीत तेवढीही मदत पुरते, हे समजून घ्यायला मला वेळ लागला नाही, कारण मरणे हे पेशीचे कामही असू शकते, हे त्या डिशने आधीच शिकवले होते.

एक तक्रारही आहे. वहीत तुम्ही दोनच रकाने आखून दिले होते, एक ठरवून येणाऱ्या मरणाचा आणि दुसरा अपघाती मरणाचा. फुगून, फुटून, दाह पसरवत होणारे मरणही काही वेळा पेशीच्या स्वतःच्याच यंत्रणेने घडते, हे आता पक्के झाले आहे. त्याच्या एका प्रकाराला नेक्रोप्टोसिस म्हणतात आणि त्यात एमएलकेएल हे प्रथिन पेशीचे आवरण भेदते. तेव्हा तुमच्या तक्त्यात मी तिसरा रकाना वाढवला आहे. वही घेऊन भेटायला येईन, तपासून द्यावी.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी