त्या विश्वस्तांचे मनापासून आभार

पुण्यातल्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेची प्राथमिक फेरी आठ दिवसांवर आली आणि आमची तालमीची जागा गेली. हॉल दुसऱ्यांना दिला, एवढंच कळवण्यात आलं. आम्ही 19 जण, एकांकिका अर्धीच बसलेली, बाहेर धो धो पाऊस.

रात्री नऊला पेठेतल्या एका युवा कला संस्थेच्या अध्यक्षकाकांना फोन केला. ओळख काहीच नव्हती. "ठरावाशिवाय जागा देता येत नाही, पण ठराव करणं आमच्याच हातात आहे," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सगळे विश्वस्त जमले. इतिवृत्ताच्या वहीत चार ओळी, खाली सह्या, आणि किल्ली आमच्या हातात. भाडं घेतलं नाही.

खरं सांगायचं ते पुढचंच आहे. कुलूप लावायला कुणीतरी विश्वस्त हवा म्हणून खजिनदार काकू रोज रात्री दारापाशी खुर्ची टाकून बसायच्या. सत्तरीच्या पुढचं वय, गुडघ्याला पट्टा. तालमीत एका शब्दानंही लुडबुड नाही. आमच्यातली एक मुलगी वसतिगृहात राहते, दहाला गेट बंद होतं. काकू पावणेदहाला घड्याळ बघून उठायच्या आणि तिला स्वतः रिक्षात बसवून द्यायच्या. रिक्षाचा नंबर कागदावर लिहून घ्यायच्या. असं आठही दिवस!

या कामाचा एक रुपयाही त्यांना मिळत नाही. भरत नाट्य मंदिरात आमचा प्रयोग झाला तेव्हा त्या मागच्या रांगेत होत्या, पण पडदा पडल्यावर भेटल्या नाहीत. काका, काकू, सगळेच विश्वस्त, तुमच्यामुळे आम्ही रंगमंचावर उभे राहिलो. खूप खूप आभार.