दहा बाय दहाच्या खोलीतील महालक्ष्म्यांची आरास

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी भाद्रपदात महालक्ष्म्यांचे, म्हणजे ज्येष्ठा गौरींचे, तीन दिवस सरले की आपल्या दैनिकाच्या जिल्हा पुरवणीत वाचकांच्या घरच्या आराशीची छायाचित्रे येतात आणि मी ती आवडीने पाहते. गेल्या काही वर्षांत मात्र ही छायाचित्रे बहुतांशी प्रशस्त दिवाणखान्यांची असतात. त्यांत महालक्ष्म्यांमागे धबधबे, गडकिल्ले, मंदिरांच्या कमानी उभ्या असतात आणि मुखवट्यांकडे लक्ष जाण्याआधी रोषणाईनेच डोळे दिपतात. ज्या घरात बसण्याची, झोपण्याची आणि मुलांच्या अभ्यासाची खोली एकच असते, त्या घरातल्या महालक्ष्म्या या पानावर क्वचितच दिसतात. अशा घरांविषयी आणि तेथे सहज होऊ शकणाऱ्या साध्या आराशीविषयी हे पत्र लिहीत आहे.

लहान घर ही आपल्या भागात अपवादाची गोष्ट नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील जी गावे नव्या जागी वसवली गेली, तेथे भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबांच्या वाट्याला २५० चौरस फुटांची घरे आली. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराचे किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २७० चौरस फूट ठरवलेले आहे. दगडमातीच्या जुन्या माळवदी घरांत भिंती जाड असत आणि त्या जाडीतच देवळी, कोनाडा, फडताळ सामावलेले असे, त्यामुळे दिव्याला आणि देवाला वेगळी जागा शोधावी लागत नसे. आताच्या सपाट भिंतींच्या घरात आराशीची जागा खोलीतूनच काढावी लागते. दहा फुटी खोलीत भिंतीभर तीन फूट खोल मखर उभारले, तर जवळजवळ तिसरा हिस्सा जमीन त्याखाली जाते. मग पूजनाच्या दिवशी पंगत कोठे बसवायची, संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी उभे कोठे राहायचे, हा प्रश्न ज्यांच्या घरी पडतो त्यांनाच तो कळतो.

माझे म्हणणे इतकेच आहे की महालक्ष्म्यांना वेगळी आरास फारशी लागतच नाही, कारण या सणाच्या विधीतच ती आहे. अनुराधा नक्षत्रावर आवाहन होते तेव्हा उंबऱ्यापासून, महालक्ष्म्या ज्यांवर उभ्या करतात त्या कोठ्यांपर्यंत पावले उमटवली जातात. आपल्याकडच्या काळसर शहाबादी फरशीवर पांढऱ्या रांगोळीची आणि हळदीकुंकवाची ती पावले इतकी उठून दिसतात की त्या वाटेवर आणखी काही मांडणे मला तरी अनावश्यक वाटते. कोठ्यांसमोर गहू, ज्वारी, हरभऱ्याची डाळ यांच्या राशी असतात. या राशी नुसत्या ओतून न ठेवता बुरुडाकडच्या नव्या सुपांत आणि टोपल्यांत मांडल्या, तर एरवी पत्र्याच्या डब्यात दिसेनासे असलेले धान्यच घराची शोभा होते, शिवाय सूप आणि टोपल्या वर्षभर उपयोगी पडतात. ज्येष्ठा नक्षत्रावरच्या पूजनासाठी सोळा भाज्या येतात. त्या फ्रिजमध्ये कोंबण्याऐवजी एका परातीत पडवळ, दोडका, भोपळा, गवार, कारले असे रंग पाहून लावून ठेवल्या, तर चिरेपर्यंत तीही आरासच असते. आणि फुलोरा तर मुळातच टांगायचा असतो. करंज्या, पापड्या, साटोऱ्या, वेणी, फणी दोऱ्यात ओवून आडव्या काठीला बांधल्या की महालक्ष्म्यांच्या डोक्यावर जे तोरण तयार होते, त्याची सर बाजारातल्या कोणत्याही झुंबराला नाही. तो जमिनीची वीतभरही जागा घेत नाही आणि विसर्जनानंतर मुले त्याचा काय तो निकाल लावतात.

वेळ अमावास्येला लातूर-धाराशिवकडे शेतात कडब्याची कोप (खोपी) उभी करून तिला शाल किंवा लुगडे गुंडाळतात आणि आत मातीत पांडव मांडतात. सुंदर काही उभारायचे तर हाताशी असलेले घ्यावे, ही रीत या मातीतल्या माणसांना कोणी शिकवायला नको. घरातल्या सणाला मात्र ती आपण सोडून दिली आहे.

मागची भिंत झाकण्याचा प्रश्न राहतो, कारण पोपडे आलेल्या किंवा दप्तरे-कपडे टांगलेल्या भिंतीसमोर महालक्ष्म्या उभ्या करायला मन घेत नाही. त्यासाठी आजीचे किंवा सासूबाईंचे एक नऊवारी लुगडे पुरते. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर, त्यामुळे दहा फुटांच्या भिंतीवर अडीच पटींहून जास्त चुण्या सहज पडतात. पन्हा साधारण चार फुटांचा असतो, म्हणून दोरी डोक्याच्या थोडी वर बांधावी. खालचा उघडा भाग चौरंग, कोठ्या आणि राशींनी आपोआप झाकला जातो. भाड्याच्या घरात खिळे ठोकता येत नाहीत, तेथे कपडे वाळवायची दोरी खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत ताणली तरी भागते. लुगडे एकरंगी आणि गडद असावे, म्हणजे मुखवटे आणि महालक्ष्म्यांना नेसवलेल्या साड्या त्यावर खुलतात. ते सुतीच असावे हे मात्र मी आग्रहाने सांगेन. समई आणि निरांजने तीन दिवस जवळ तेवत असतात. कृत्रिम धाग्याचे जाळीदार पडदे ज्योत लागताच वितळतात आणि वितळलेले कापड अंगाला चिकटते. दोन खोल्यांच्या घरात पळायला दुसरे दारही नसते. सुती कापडही पेटतेच, म्हणून समईपासून पडदा हातभर मागे असावा आणि पंखा लावताना चुण्या कोणीकडे उडतात ते आधी पाहून घ्यावे. दिव्यांच्या माळांचेही तसेच. एकाच बोर्डावरून फ्रिज, मिक्सर, पंखा आणि चार माळा चालवण्यापेक्षा लुगड्याच्या बाजूला एक पिवळा दिवा आडोशाने लावावा. लुकलुकणाऱ्या निळ्या-जांभळ्या प्रकाशात मुखवट्यांचा रंगच फिरतो, हळदीकुंकू दिसत नाही आणि घरातले तान्हे मूल झोपत नाही ते वेगळेच.

जागा निवडताना भिंतीच्या मध्यापेक्षा कोपरा बरा. दोन महालक्ष्म्या किंचित तिरप्या आणि त्यांच्यामध्ये त्यांची बाळे अशी मांडणी केली, तर समोर खोलीचा मोठा भाग मोकळा राहतो. फुलांविषयी फार सांगायला नको. आघाडा, दुर्वा, तेरडा, गोकर्ण हे परसात किंवा बांधावर मिळते, झेंडू तीन दिवस टिकतो आणि विसर्जनानंतर हे सारे भाजीच्या वाफ्यात जाते. केळीचे खुंट शोभिवंत खरे, पण लहान खोलीत त्यांचा चीक साड्यांना लागतो. त्यांच्याऐवजी दारावर आंब्याचा टाळा लावावा.

थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने बंदी आली, तरी तिची जागा आता फोमच्या पत्र्यांनी आणि प्लॅस्टिकच्या फुलांनी घेतली आहे. वस्तू बदलली, खर्च आणि कचरा तसाच राहिला. हौसेला मोल नसते असे म्हणतात. पण सोयाबीन अजून रानात उभे असते, शाळेची फी नुकतीच भरलेली असते, अशा दिवसांत उसनवारीने आणलेल्या मखराचे मोल कोणाला तरी चुकवावेच लागते. पैशापेक्षाही मला बाईचे श्रम जास्त खुपतात. सोळा भाज्या, पुरण, आंबील, कढी आणि फुलोरा हे सगळे जिच्या हातचे असते, तीच आदल्या रात्री उशिरापर्यंत स्टुलावर चढून पडदे लावत असते. दुसऱ्या दिवशी शेजारीण येऊन “यंदा काहीच केलं नाही का हो?” असे विचारते, त्या एका प्रश्नाच्या धाकाने कितीतरी घरांत ऐपतीबाहेरची आरास होते. या धाकात वर्तमानपत्रातल्या छायाचित्रांचाही वाटा आहे, असे मला नम्रपणे वाटते.

म्हणून आपणांस विनंती आहे की येत्या भाद्रपदात या पानावर निम्मी जागा एक-दोन खोल्यांच्या घरांसाठी राखून ठेवावी. छायाचित्रासोबत खोलीचे माप, आराशीत घरातल्या कोणत्या वस्तू वापरल्या, विकत काय आणले आणि विसर्जनानंतर त्याचे काय झाले, एवढी माहिती चार ओळींत छापावी. छायाचित्र मागवताना कॅमेऱ्याची किंवा मोठ्या आकाराची अट नसावी, साध्या मोबाइलवरचे चालावे. हे आवाहन गणेश चतुर्थीच्या आठ-दहा दिवस आधी प्रसिद्ध झाले तर बरे होईल, कारण बाजारहाट त्याच सुमारास सुरू होतो आणि मखराची खरेदीही तेव्हाच होते.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक गृहिणी, औसा (जि. लातूर)